रेडॉन : आधी मोजमाप, मग खर्च

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत. तिकडे, विशेषतः न्यू जर्सीत, घर घेण्यापूर्वी तळघरातला रेडॉन मोजून घेतात. फोनवर हे ऐकले की प्रश्न पडतो, मग आपल्या बडोद्याचे काय?

रेडॉन हा जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून तो शिरतो आणि बंद खोलीत साठतो. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातील एका अणुवीज केंद्रात एका अभियंत्यामुळे धोक्याची घंटा वाजली. शोध घेता दोष केंद्रात नव्हे, त्याच्या राहत्या घरात निघाला!

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घनमीटरमागे १०० बेकरेल रेडॉन वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. पण १६ टक्के कशावर? धूम्रपान न करणाऱ्याचा मूळ धोका लहान, करणाऱ्याचा कितीतरी मोठा. म्हणून पहिला उपाय विडी-सिगारेट सोडणे. त्यात खर्च नाही, उलट बचतच आहे. दुसरा उपाय खेळती हवा. आपल्या जुन्या वाड्यांना चौक होते, हवा आपोआप फिरे. आज आपण ए.सी. लावून खिडक्या बंद करतो आणि मुलांना तळघरातल्या क्लासला पाठवतो.

घरोघरी यंत्रे बसवा, असे आम्ही म्हणत नाही. आकडा माहीत नसताना खर्च करणे जितके चूक, तितकेच आकडा न घेता निर्धास्त राहणेही चूक. मोजणीचा खर्च थोडा आहे. आकडा जास्त निघाला, तरच फरशीखालून नळी काढून पंखा बसवण्याचा मोठा खर्च करावा. नव्या इमारतीत हीच सोय बांधतानाच केली तर स्वस्तात होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महानगरपालिकेने आपल्या शाळांचे तळमजले आणि शहरातील वापरातली तळघरे विद्यापीठाच्या मदतीने एकदा मोजावीत आणि आकडे जाहीर करावेत. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा.

सयाजीराव महाराजांनी १८९२ साली आजव्याचे पाणी शहरात आणले. त्या पाण्याने कोणाकोणाचे प्राण वाचले, याची यादी कोणी देऊ शकणार नाही. म्हणून तो खर्च वाया गेला, असे कोणी बडोदेकर म्हणेल काय?