शेवाळ वाढते उन्हावर, अडते काढणीपाशी

हैदराबादच्या आबिड्ससारख्या दाट बाजारपेठेचे सांडपाणी उतारावरून मुसी नदीकडे जाते. त्या शहराने ३१ नव्या मलप्रक्रिया केंद्रांचे काम हाती घेतले. सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शैवाल वाढवून त्यापासून खत वा इंधन मिळवता येईल का, यावर तेथील तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत संशोधन झाले आहे. साळ नदीच्या प्रदूषणाने त्रस्त गोव्यालाही ही कल्पना मोहक वाटेल. ती तपासायची कसोटी मात्र विजेच्या मीटरावर आहे.

उघड्या तळ्यातील हजार लिटर पाण्यात कोरडे शैवाल जेमतेम अर्धा किलो भरते. पेशी काही मायक्रॉनच्या, त्यांवर ऋण भार. त्यामुळे त्या एकमेकींना दूर लोटत तरंगत राहतात. सारे पाणी केंद्रापसारी यंत्रातून फिरवायचे तर घनमीटरला किमान एक युनिट, प्रसंगी कितीतरी अधिक वीज लागते. म्हणजे किलोमागे निदान दोन युनिटे. किलोभर कोरड्या शैवालात एकूण ऊर्जाच सहा युनिटांच्या आसपास असते, आणि वाळवणीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

यावरचा उपाय दोन टप्प्यांचा. आधी पेशींचे पुंजके करून ते तळाशी बसू द्यायचे. गाळ चाळीस पट घट्ट झाला, की यंत्रापुढे पाण्याचा चाळिसावा भागच उरतो. पुंजके करण्यास तुरटी स्वस्त, पण तिचे ॲल्युमिनियम खतात उतरते. कोळंबीच्या कवचापासूनचे कायटोसान निर्धोक, तरी महाग. पाण्याचा सामू दहाच्या वर गेला, की त्यातील मॅग्नेशियमचा साका पेशींना सोबत घेऊन बसतो. मॅग्नेशियमने समृद्ध समुद्रपाणी लाभलेल्या किनारपट्टीला हे सोयीचे. भर उन्हात शैवाल स्वतःच सामू वाढवते. परंतु जून ते सप्टेंबरच्या ढगाळ आभाळाखाली त्यावर विसंबता येणार नाही, ही गोष्ट प्रकल्प-अहवाल हमखास विसरतात.

सांडपाण्यासाठी सर्वांत आश्वासक वाट शैवाल व जिवाणूंचे एकत्र पुंजके वाढवण्याची. ते रसायनाविना, स्वतःच्या वजनाने निवळतात. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी जाणकार संस्था हाताशी असताना, उद्या असा प्रस्ताव आलाच, तर सरकारने कंपनीकडे दोन आकडे आधी मागावेत: कोरड्या किलोमागे किती युनिटे, आणि जुलैत किती.