आजोबांची खुर्ची, मोबाईलमधला फोटो आणि अडतीस हजार टाके

मार्च २०२५ आठवतोय? चॅटजीपीटीत आपला फोटो टाकायचा आणि घिबलीच्या कार्टूनसारखं चित्र करून डीपीला लावायचं, असा नुसता धुमाकूळ होता. ती लाट ओसरली. पण त्याच जातीचं एक काम फारसा गाजावाजा न होता चालू आहे. फोटो अ‍ॅपमध्ये टाका, चौकोनांचा रंगीत तक्ता घ्या आणि तो सुई-दोऱ्याने कापडावर उतरवा. तुमच्याही रील्समध्ये आलं असेल: आजोबांची जुनी सागवानी खुर्ची, तिच्या पाठीवर आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो क्रॉस स्टिचमध्ये. खाली कॉमेंट्स काय? ‘मला पण असं भरून घ्यायचंय.’

‘भरून घ्यायचंय’ हे क्रियापद जरा नीट बघा. म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी. आज बोलायचंय ते या ‘कुणाकडून तरी’बद्दल.

आयडिया काही नवीन नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला आले. एक चौकोन म्हणजे एक टाका. ते बघून युरोपभर बायकांनी खुर्च्यांच्या बैठका आणि पाय ठेवायची स्टुलं लोकरीने भरून काढली. म्हणजे पिक्सेल हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी पिक्सेल होताच. आपल्याकडे मॅटीच्या कापडावर पोपट, हंस आणि ‘सुस्वागतम’ भरलेली टीव्हीची, मशीनची कव्हरं तुमच्या मावशीच्या घरी अजून एखाद्या पेटीत घडी घालून ठेवलेली असतील. माझ्या मावशीकडे आहेत. तिचे हंस जरा बदकासारखे दिसतात, पण ते तिला सांगायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

नवीन आहे ते इतकंच, की तक्ता आता चुटकीसरशी निघतो. गोची तिथेच सुरू होते. क्रॉस स्टिचचं नेहमीचं कापड १४ काउंटचं, म्हणजे एका इंचात १४ चौकोन. खुर्चीच्या पाठीला १४ बाय १४ इंचाचा तुकडा लागतो असं धरा. एका ओळीत १९६ टाके, अशा १९६ ओळी. गुणाकार करा: ३८ हजार ४१६ टाके. सराईत हाताने तासाला दीडशे टाके धरले, तर अडीचशेहून जास्त तास होतात. रोज आठ तास सुई हातात ठेवली तरी ३२ दिवस!

आता मजुरी. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. खड्डा खणायच्या या दराने ३२ दिवसांचे झाले ९ हजार ९८४ रुपये. कापड, दोरा, शिलाई वेगळी. आणि आपण ऑनलाइन बघून म्हणतो, ‘हजार-दीड हजारात होईल ना?’ होईल, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. ते मिनिटाला आठशेच्या आसपास टाके मारतं, दीड-दोन तासांत पाठ तयार. मशीनशी माझं भांडण नाही. पण मशीनचा दर हातकामाला लावायचा आणि वर ‘हँडमेड’ म्हणून स्टोरी टाकायची, हा हिशेब कुणाच्या तरी खिशातून जातो.

तो खिसा बीडमध्ये कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, उचलही जोडीच्या नावाने. बाई अर्धा कोयता, ही हिशेबाची भाषाच आहे. धारूर, केज, परळी, गेवराई या बाजूच्या कितीतरी तांड्यांमधले लोक या टोळ्यांत असतात. आणि याच तांड्यांमधल्या म्हाताऱ्या बंजारा बायांच्या अंगावर फेटिया, कांचळी, छांटिया बघितली असेल तुम्ही. आरसे, कवड्या आणि धागे मोजून घातलेले टाके. गंमत म्हणजे या भरतकामात फोटो नसतोच. चौकोन, त्रिकोण, रेषा असतात. त्यामुळे ‘बंजारा बायांना फोटोचे तक्ते देऊ, रोजगार मिळेल’ असं कुणी एनएसएसच्या मीटिंगमध्ये उठून म्हणालं, तर आधी थांबवा. त्यांची कला घेऊन त्यांना आपल्या मोबाईलची झेरॉक्स करायला बसवणं, हे काम देणं असेलही, पण कला जपणं नक्की नाही.

याच कलेचं काय होऊ शकतं ते शेजारच्या कर्नाटकात दिसतं. संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीत जी-२०ची बैठक होती, तेव्हा तिथे लंबाणी बायांनी भरलेल्या १७५५ वस्तू मांडल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. जीआय हे गावाशी, प्रदेशाशी बांधलेलं असतं. टाका तोच असला तरी धारूरच्या बाईला ‘संडूर’ हे नाव लावता येत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे रस्ता आपल्याला माहीत नाही असं नाही. अर्थात जीआयने पैसा आपोआप येत नाही. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, तरी सुरुवातीला कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केलं. नाव असेल तर निदान बोंब मारायला जागा मिळते.

सरकारी योजनेचं बघायचं तर आणखी मजा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. साहित्यासाठी १५ हजार, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाख कर्ज. यादीत १८ व्यवसाय आहेत. शिंपी आहे, हार गुंफणारा आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. भरतकाम नाही! कव्हर शिवणारी बाई शिंपी म्हणून बसू शकते, त्यावरचे अडतीस हजार टाके घालणारी कुठे बसणार? तिच्यासाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विभागाचं ‘पहचान’ हे कारागीर ओळखपत्र आहे. मेळाव्यात स्टॉल वगैरे मिळवायचा तर ते लागतं. तुमच्या आजीकडे, शेजारच्या काकूंकडे ते आहे का, एवढं तरी विचारून बघा. ऑनलाइन फॉर्म भरायला लागणारा नेट पॅक तुमच्याकडे आहे.

जाता जाता फोटोबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेला फोटो कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, आजोबांचाच. तो बिनधास्त भरा. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, चित्रकाराच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं कधीच उलटली, त्यांची चित्रंही चालतील. हुसेन २०११ मध्ये गेले. त्यांचे घोडे विकायच्या कव्हरवर परवानगीशिवाय नकोत.

आणि कुणाला खरंच भरायला देणार असाल, तर अ‍ॅपने दिलेला तक्ता तसाच नेऊन टेकवू नका. साठ-सत्तर रंग येतात आणि गालावर एकेक सुटा चौकोन विखुरलेला असतो. प्रत्येक सुट्या चौकोनासाठी दोरा बदलायचा म्हणजे भरणाऱ्याचा जीव जातो. रंग पंधरा-वीसवर आणा, मागची भिंत कोरी सोडा. टाके निम्म्यावर येतात आणि चेहरा उलट जास्त उठून दिसतो. बैठकीवर फोटो नको, घासून दोन वर्षांत आजोबांचं नाक जाईल; पाठीलाच लावा. जुन्या लाकडात खिळे, स्टेपल मारू नका, कव्हरला नाड्या लावा म्हणजे काढून धुता येईल. मग तक्त्यातले भरायचे चौकोन मोजा, दीडशेने भागा, आलेले तास घेऊन काकूंकडे जा आणि दर त्यांना सांगू द्या.