होकार कोणाचा?

वसतिगृहात एका रात्री गप्पा चालू असताना मित्राने मला विचारले, "तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू केवढा होतास?" "तीन महिन्यांचा," मी म्हणालो. तो हसून म्हणाला, "म्हणजे तुला कोणी विचारलेच नाही!" मी विषय बदलला, पण प्रश्न काही मनातून गेला नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीलाही नवा नाही. रोमन कॅथलिक, अँग्लिकन इत्यादी पंथ तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतात आणि त्याच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता श्रद्धेची कबुली देतात. बॅप्टिस्ट पंथाचे म्हणणे असे, की ज्याला आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडाने सांगता येते, त्यालाच बाप्तिस्मा द्यावा. प्रौढांच्या बाप्तिस्म्याच्या आग्रहापायी झुरिचमध्ये १५२७ साली फेलिक्स मान्झ याला नदीत बुडवून मारण्यात आले. मारणारेही ख्रिस्तीच होते!

१८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा विल्यम कॅरे हा बॅप्टिस्ट. बंगालमध्ये सेरामपूर येथे २८ डिसेंबर १८०० रोजी त्याने हुगळी नदीत दोघांना बाप्तिस्मा दिला. एक कृष्ण पाल नावाचा सुतार आणि दुसरा कॅरेचा स्वतःचा किशोरवयीन मुलगा फेलिक्स. मिशनऱ्याच्या घरी जन्मला म्हणून मुलाला सवलत नाही! सुतार आणि मुलगा, दोघांनाही आपापला होकार स्वतःच द्यावा लागला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

याउलट उदाहरण पंडिता रमाबाईंचे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्यासोबत अडीच वर्षांच्या मनोरमेचाही. आई शास्त्रे वाचून, विचार करून त्या पाण्यापाशी आली होती. मुलगी केवळ आईबरोबर आली होती. मग आईचा बाप्तिस्मा खरा आणि मुलीचा खोटा म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. पुढे मनोरमेला काय शिकवावे यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात पत्रांतून बराच वाद झाला. लेकीच्या वतीने दिलेला शब्द आपण कसा पाळायचा, याचीच ती काळजी होती. स्वतः रमाबाईंचे प्रश्नही बाप्तिस्म्याने संपले नाहीत. चर्चच्या अनेक मतांविषयी त्या शंका विचारीतच राहिल्या.

यावरून माझे मत असे झाले आहे, की बालकाचा बाप्तिस्मा हे बालकाचे नव्हे, तर वडीलधाऱ्यांचे वचन आहे. आई मुलाला विचारून मातृभाषा शिकवीत नाही. पण त्या भाषेत आपल्या मनातले बोलू लागतो, तेव्हाच ती आपली होते. त्यासाठी कॅथलिकांत दृढीकरणाचा संस्कार आहे. परंतु खरे सांगायचे तर पाठ केलेली उत्तरे, नवे कपडे आणि एक फोटो, एवढ्यावरच तो पुष्कळदा आटोपतो! माझेही तसेच झाले. विचारणाऱ्यांनी मनापासून विचारले नाही आणि मीही मनापासून उत्तर दिले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत पतीचा होकार हा पत्नीचा होकार झाला नाही. मग आईबापांचा होकार मुलाला जन्मभर कसा पुरणार?

तेव्हा मित्रा, तुझे म्हणणे अर्धे खरे आहे. मला विचारले नव्हते. पण माझ्यासाठी कोणीतरी शब्द दिला होता, आणि आता तो स्वीकारायचा की नाही हे मलाच ठरवायचे आहे. आईबापांनी 'हो' म्हटले म्हणून मी 'हो' म्हणणार नाही, आणि तू हसलास म्हणून 'नाही'ही म्हणणार नाही. मात्र यापुढे विषय बदलणार नाही, एवढे नक्की.