वेग, वेळ आणि पेट्रोल

पेट्रोल महागले की आपण सरकारला बोल लावतो. ते साहजिकच आहे. पण महामार्गावर गाडी पेट्रोल किती पिणार, हे बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या उजव्या पायावर अवलंबून असते, याकडे मात्र आपले लक्ष नसते.

मोकळ्या रस्त्यावर गाडीची बरीच शक्ती समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किमी वेगाला तो १ धरला, तर १०० ला दीडपटीहून थोडा जास्त आणि १२० ला सव्वादोनपट होतो. पेट्रोल नेमके त्याच पटीत जळत नाही, कारण चाकांचे घर्षण व इंजिनाचा स्वतःचा खर्च तितका वाढत नाही. तरी ॲव्हरेज चांगलेच घसरते.

आता वेळेचा हिशोब पाहू. बडोदा-अहमदाबाद द्रुतगती मार्ग सुमारे ९३ किमी आहे. ८० च्या वेगाने ७० मिनिटे, १०० ने ५६ आणि १२० ने ४७ मिनिटे लागतात. म्हणजे पहिल्या वीस किमीच्या वाढीने १४ मिनिटे वाचली, तर पुढच्या वीसने फक्त ९. खर्च वाढत जातो आणि वाचणारा वेळ घटत जातो! शिवाय ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही वेगाच्या वर्गानेच वाढते.

“मग ४० नेच जावे का?” असे कोणी विचारील. तसे नव्हे. फार हळू गेल्यास इंजिन जास्त वेळ चालते आणि तोही खर्चच. वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने, डाव्या बाजूच्या लेनमधून ८० च्या आसपास जाणे बहुतेक गाड्यांना मानवते. फलकावरची वेगमर्यादा ही परवानगी आहे, सक्ती नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा. घरची गाडी अहमदाबादला जाईल तेव्हा टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवा, परत आल्यावर पुन्हा फुल करा. एक फेरी ८० ने, दुसरी १०० ने. पालकांनी यात साथ द्यावी आणि विश्वस्त मंडळाने विज्ञान प्रदर्शनात या नोंदींना जागा द्यावी. मुलांनी स्वतः मांडलेला हिशोब घरातली मोठी माणसे सहसा टाळू शकत नाहीत.