दोह्याचा धडा

एका पराभवापायी प्रशिक्षकाचा बळी देण्याची रीत फुटबॉलमध्ये रूढ आहे. जपानने ती नाकारली. २८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहा येथे इराकने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली आणि विश्वचषकात प्रथमच खेळण्याची जपानची संधी हुकली. हाजिमे मोरियासू त्या संघात मधल्या फळीत खेळत होते. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी हिरोशिमाच्या संघाला २०१२, २०१३ व २०१५ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले. २०२२ मध्ये त्याच कतारमध्ये त्यांच्या जपानने जर्मनी व स्पेन या माजी जगज्जेत्यांना नमविले. क्रोएशियापुढे मात्र पेनल्टींवर हार पत्करली. तरीही जपानच्या फुटबॉल संघटनेने त्यांच्याकडेच धुरा ठेवली. हा निर्णय विवेकाचा म्हटला पाहिजे. दोह्याचा आघात सोसलेल्या माणसानेच ही जिद्द संघात रुजविली, हे विसरून कसे चालेल?