एका परळांत दोघांचें अन्न

आखाडा बाळापुरास, शेतावर काय किंवा घरीं काय, पुष्कळ ठिकाणीं थोरलें कुत्रें व पिलूं यांस एकाच परळांत भाकरी कुस्करून घालतात. ही समता नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. थोरलें गुरगुरतें, भराभर गिळतें. पिलूं मागें सरतें व उपाशी राहतें. वस्तुतः वाढत्या अंगास वजनाच्या मानानें थोरल्याच्या सुमारें दुप्पट अन्न लागतें. परंतु पोट इवलेंसें! म्हणून त्यास दिवसांतून ३-४ वेळां थोडें थोडें मऊ अन्न द्यावें. थोरल्यास २ वेळां पुरे. नुसत्या ज्वारीवर हाडामासाची वाढ होत नाहीं. सोबत उकडलेलें अंडें किंवा बिनफोडणीचें वरण असावें. कांदा-लसूण दोघांसही विषच. परळ निराळे, जागाही निराळी ठेवावी, आणि पिलाचें खाणें होईपर्यंत घरांतील एखाद्या मोठ्या माणसानें थोरल्यास बांधून तेथेंच थांबावें.