खांदेमळणी
पोळ्याच्या झुली, बाशिंगं आणि शिंगांवरचे बेगड सगळ्यांनी फोटोंत पाहिले असतील. मला मात्र आदल्या संध्याकाळची खांदेमळणी जास्त मोलाची वाटते. जू टेकून टेकून घट्टे पडलेल्या खांद्यावर हळद घातलेलं लोणी चोळायचं आणि बैलाला उद्याच्या पुरणपोळीचं आवतण द्यायचं. चोळताना सूज, सोललेली कातडी हाताला कळतेच. वर्षभर जिथं भार दिला तिथंच हात लावायचा, याहून खरी पूजा मला माहीत नाही. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा मिरवतात, त्यांनी खुशाल मिरवावं. पण ज्या गावात खरे बैल उरलेत, तिथं मिरवणुकीतल्या डीजेचे पैसे आधी पेंडीवर आणि जनावरांच्या डॉक्टरवर खर्च व्हायलाच हवेत.